‘एमबीए असतं तर…’

एका वाचक मुलीचं लांबलचक पत्र आलंय. ओळख कळेल असे तपशील गाळून त्यातलं मुख्य तेवढं देते:

‘वय २७. मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत पाच वर्षं सप्लायर क्वालिटीमध्ये (पुरवठादारांच्या मालाचा दर्जा तपासण्याच्या कामात) आहे. वर्षाचं पॅकेज (सीटीसी) ७ लाख, महिन्याला हातात ४८ हजार. राहते चिंचवडला, आईबाबांकडे. यंदा मॅनेजरच्या जागेसाठी माझं नाव चर्चेत होतं, पण साहेब म्हणाले, तुझं एमबीए असतं तर वर बोलायला सोपं गेलं असतं. ती जागा माझ्याबरोबरच्या एकाला मिळाली. तो डिप्लोमावाला आहे, पण हुशार आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. गेल्या वर्षी नोकरी सांभाळून कॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा) दिली, ८६ पर्सेंटाइल आले. आता पुण्याजवळच्या एका खासगी संस्थेत पीजीडीएमला प्रवेश मिळतोय. दोन वर्षांची फी १४ लाख. सरासरी पॅकेज ११ लाख आहे असं ते सांगतात. बाबांचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. ते म्हणतात, कर्ज काढू, पण शीक. आई म्हणते, आधी लग्नाचं बघू. शिकतेय म्हटलं की तो विषय तरी दोन वर्षं थांबेल. जागा पक्की करायला दहा दिवस उरलेत. ताई, एमबीए करण्यात अर्थ आहे का?’

ताई म्हटलंयस, म्हणून मीही सरळ अगंतुगं करते. माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत माणसं घेण्यात, सांभाळण्यात आणि कधीकधी निरोप देण्यात गेली. विभागाचं नाव आधी ‘पर्सोनेल’ होतं, मग ‘एचआर’ झालं. पाटी बदलली, काम तेच राहिलं. तेव्हा तुझ्या साहेबांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुझा सगळा बेत त्या एका वाक्यावर उभा आहे.

‘एमबीए असतं तर’ हे मी स्वतः लोकांना ऐकवलेलं आहे. बढतीची बैठक कशी चालते ते सांगते. जागा दोन, नावं पाच. एक नाव प्लँट हेडच्या मनात आधीच असतं, दुसऱ्यावर अर्धा तास घासाघीस होते. ठरतं, चहा येतो, आणि मग उरलेल्या तिघांना काय सांगायचं यावर दहा मिनिटं जातात. तिथे ‘शिक्षण कमी पडलं’ हे कारण फार कामाला येतं. सांगणाऱ्यावर ठपका येत नाही, ऐकणाऱ्याच्या कामाला नाव ठेवावं लागत नाही, सगळा दोष एका न मिळवलेल्या कागदावर जातो. माणूस हिरमुसतो, पण भांडत नाही. घरी जाऊन फॉर्म भरतो.

आता तुझ्याच पत्रातली एक ओळ तुला परत वाचून दाखवते. ज्याला जागा मिळाली ‘तो डिप्लोमावाला आहे’. तू हे मोठ्या मनाने लिहिलंस आणि पुढे गेलीस. मी मात्र तिथेच अडले. डिप्लोमावर त्या खुर्चीत बसता येत असेल, तर तिची अट एमबीए नव्हती, दुसरं काहीतरी होतं. ते काय होतं हे तुला ठाऊक नाही, आणि ते कळायच्या आत तू १४ लाख मोजायला निघालीयेस.

काय असू शकेल? ग्राहक कंपनीचं ऑडिट लागलं की पुढे कोण उभं राहतं, लाइन थांबली म्हणून रात्री ११ वाजता फोन कुणाला जातो, एखाद्या जुन्या, साहेबांच्या ओळखीतल्या पुरवठादाराचा माल परत पाठवायची वेळ आली तर स्वतःच्या सहीने कोण पाठवतं, अशा गोष्टी असतात. बरेचदा इतकंच असतं की त्याने जागा मागितली होती आणि तुला वाटलं, काम दिसतंय तर मागायचं कशाला. आणखी एक शक्यता आहे, तीही बोलून टाकते. ‘पोरगी २७ची आहे, वर्षा-दोन वर्षांत लग्न होईल, मग कुठे चाकणला येतेय’ असं कुणीतरी हलक्या आवाजात म्हटलेलं असू शकतं. अशी वाक्यं माझ्यासमोर बोलली गेलीत. काही वेळा मी अडवलं, काही वेळा घड्याळाकडे बघत गप्प राहिले, आणि त्या गप्प बसण्याचं अजून वाईट वाटतं. पण कारण हे असेल, तर त्यावर एमबीए हा उपाय नव्हे. दोन वर्षांनी तू २९ची असशील आणि तोच माणूस तेच बोलेल.

म्हणून पहिलं काम हे, आणि ते याच आठवड्यात. साहेबांची अर्ध्या तासाची वेळ माग. ‘मला का नाही’ असं विचारू नकोस. त्याने समोरचा माणूस बचावाला लागतो आणि पुन्हा तेच एमबीए पुढे करतो. विचार, ‘पुढच्या वर्षी या जागेसाठी माझं नाव तुम्ही स्वतः पुढे करावं, यासाठी माझ्या कामात काय दिसायला हवं?’ जे सांगतील ते त्याच संध्याकाळी चार ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठव, ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून. आणि पुन्हा एमबीएच म्हणाले, तर पुढचा प्रश्न तयार ठेव: नोकरी सांभाळून केलेलं चालेल का, आणि कंपनी फीतला काही वाटा उचलेल का? कंपनीला ती पदवी खरोखर हवी असेल तर यावर काहीतरी ठोस उत्तर मिळेल. नुसतं ‘बघू’ आलं, तर काय ते समज.

आता पदवीकडे येते. ‘एमबीए’ हा शब्द आपण एकच वस्तू असल्यासारखा वापरतो, तिथेच घोळ होतो. अहमदाबाद आणि कोलकात्याच्या आयआयएम १९६१ साली सुरू झाल्या, मुंबईचं जमनालाल बजाज १९६५ सालचं, आपल्या पुणे विद्यापीठाचा ‘पुम्बा’ हा व्यवस्थापन विभाग १९७१ चा, सिम्बायोसिसचं एसआयबीएम १९७८ चं. त्यानंतर काय झालं ते ताथवड्यापासून वाघोलीपर्यंतच्या फलकांवर तू रोजच वाचतेस. तुला मिळतंय ते ‘पीजीडीएम’ आहे, ‘एमबीए’ नव्हे, म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्यात फार तथ्य नाही. पदवी विद्यापीठ देतं, स्वायत्त संस्था पदविका देतात. खुद्द आयआयएमसुद्धा २०१७ चा कायदा होईपर्यंत पदविकाच देत होत्या. संस्थेला एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता आहे ना, एवढं खात्रीने बघ.

खरा फरक फाटकावर असतो. कॅटला दर वर्षी अडीच लाखांवर मुलं बसतात. दोन तासांत तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. त्यातून वरची एक-दोन टक्के निवडलेली मुलं एका आवारात आयती सापडतात, म्हणून मोठ्या कंपन्या तिथे जातात. वर्गात काय शिकवलं याची चौकशी मुलाखतीत फारशी होत नाही. गाळणी कोणती लावली होती, याला किंमत असते. तुझे ८६ पर्सेंटाइल म्हणजे तुझ्या पुढे पस्तीस-चाळीस हजार मुलं आहेत. चाकणची बस पकडत, रात्री दहानंतर अभ्यास करून आलेले ८६ मी कमी लेखत नाही. पण त्या गुणांवर दार उघडणाऱ्या संस्थेत आतली मुलंही साधारण त्याच पट्ट्यातली असणार, आणि त्यांना न्यायला येणाऱ्या कंपन्याही त्याच हिशेबाने येणार. संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिने स्वतःबद्दल जे सांगितलंय ते तपासून घे, इतकंच म्हणते.

‘सरासरी ११ लाख’ ही त्यातली पहिली गोष्ट. वर्गातल्या दोघांना दुबईत ३५ लाखांची नोकरी लागली की बाकीच्यांचीही सरासरी फुगते. तू मधला आकडा शोध. म्हणजे सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मध्ये उभ्या असलेल्या मुलाला काय मिळालं. हा आकडा माहितीपत्रकात सहसा नसतो, पण संस्था एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत असेल तर त्या संकेतस्थळावर तिने सरकारला दिलेली माहिती बघायला मिळते. किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली आणि मधला पगार किती, सगळं असतं. माहितीपत्रक आणि ही माहिती शेजारी-शेजारी ठेवून वाच. माझ्या भाचीसाठी मी हे केलं होतं. दोन कागद एकाच कॉलेजचे आहेत यावर तिचा विश्वास बसेना.

दुसरी गोष्ट, हिशेब. वही घे.

फी १४ लाख. नोकरी सोडलीस तर २२ महिन्यांचा हातात येणारा पगार गेला, तो साडेदहा लाख. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमधून थोडंफार परत येईल, ते लॅपटॉप आणि येण्याजाण्यात गेलं असं धर. म्हणजे शिक्षण १४ लाखांचं नाही, जवळजवळ २५ लाखांचं आहे. तू दोन लाख साठवलेस आणि १२ लाख कर्ज घेतलंस, दर १० टक्के, असं समजू. शिकत असताना आणि नंतरचे काही महिने सहसा हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असतं. ते मधे भरलं नाहीस तर दोन लाखांच्या आसपास मुद्दलावर चढेल. मग १४ लाख, सात वर्षं, महिन्याला सुमारे २३ हजार.

आणि मिळणार काय? तू आहेस तिथेच राहिलीस तर नेहमीच्या वाढीने दोन वर्षांत सव्वाआठ लाखांच्या घरात जाशील, हातात ५५ हजार. त्यांनी सांगितलेले ११ लाख तुला खरोखर मिळाले तर त्यातला बदलता हिस्सा, पीएफ, ग्रॅच्युइटी जाऊन हातात ७० हजारांच्या आसपास. फरक १५ हजारांचा, हप्ता २३ हजारांचा. त्यांचा आकडा शंभर टक्के खरा धरला तरी पहिली काही वर्षं दरमहा आठ हजारांनी तूच मागे.

प्रवेश देणारे लोक इथे ‘कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते’ असं सांगतात. मिळते, आठ वर्षांपर्यंत, पण फक्त जुन्या करप्रणालीत. तुझ्या पगाराला सध्या नव्या प्रणालीत तसाही कर लागत नाही. तेव्हा ती सूट हिशेबात धरू नकोस.

या गणिताची दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर मी तुझ्यावर अन्याय करेन. पदवीचा फायदा पहिल्या पगारात मोजायचा नसतो. चांगल्या संस्थेतून बाहेर पडलेल्या माणसाचा पाचव्या-सातव्या वर्षानंतरचा चढ वेगळा असतो, आणि ज्या खोलीत आपल्याला कुणी बोलावलंच नसतं तिथे जायला मिळतं. आमच्या प्लँटमधला एक मुलगा, मशीन शॉपमधला इंजिनिअर, तीन वेळा कॅट देऊन चौथ्या खेपेला एका जुन्या, नावाजलेल्या संस्थेत गेला. आज तो गुंतवणूक क्षेत्रात आहे. एमबीएशिवाय त्याला ते दार सापडलंच नसतं, कारण त्याला कामाची जातच बदलायची होती. त्याच सुमारास दुसरा एक मुलगा घाईने मिळेल त्या कॉलेजात गेला. दोन वर्षांनी परत चाकण-रांजणगाव पट्ट्यातच आला, वंगणतेलं विकणाऱ्या कंपनीत, आधीपेक्षा चार हजार जास्त पगारावर. तो दुःखी आहे असं नाही. फक्त प्लँटमध्येच राहिलेले त्याचे मित्र तोवर त्याच्या पुढे गेले होते.

तुला कुठे जायचंय? सबंध पत्रात हे कुठेच नाही. ‘मॅनेजर’ हे पद आहे, काम नव्हे. खरेदीत जायचंय, पुरवठा साखळीत, सल्लागार कंपनीत, की क्वालिटीतच पण वरच्या जागी? नोकरीच्या संकेतस्थळांवरून तुला हव्याहव्याशा वाटणाऱ्या दहा जागांच्या जाहिराती काढ आणि पात्रतेच्या ओळी रंगवून बघ. सल्लागार आणि वित्त क्षेत्रात एमबीए बऱ्याचदा सक्तीचं दिसेल. तुझ्या क्षेत्रातल्या जागांवर ‘असल्यास उत्तम’ असं दिसेल, आणि त्याच्या वर, ठळक अक्षरांत, आयएटीएफ १६९४९, पीपॅप, एफएमईए अशी वाहन उद्योगातल्या गुणवत्तेच्या निकषांची आणि पद्धतींची, तुला पाठ असलेली नावं दिसतील. आपल्या पट्ट्यात जर्मन कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार भरपूर आहेत. त्यांच्यासाठी व्हीडीए ६.३ या जर्मन वाहन उद्योगाच्या मानकाची प्रक्रिया-ऑडिटर पात्रता घेतलीस तर खर्च हजारांत जाईल, लाखांत नाही. जोडीला जर्मन भाषा. (अर्धं पुणं मॅक्स म्युलर भवनाच्या रांगेत उभं असतं, त्यात तुझी एक भर.)

दहा जाहिराती वाचून ‘नाही, मला खरंच वित्तात किंवा सल्लागारीत जायचंय’ असं वाटलं, तर एमबीए कर, जोर लावून कर. पण ८६ वर समाधान मानू नकोस. तुझ्याकडे पाच वर्षांचा प्लँटचा अनुभव आहे, आणि ऑपरेशन्ससाठी नाव असलेली पवईची जुनी ‘निटी’ आता २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. तिथे कॅटचेच गुण चालतात. राज्याच्या सीईटीवर जमनालाल बजाज आणि पुम्बा आहेत, आणि त्यांची फी तुझ्या १४ लाखांपेक्षा बरीच कमी आहे. बजाजची स्पर्धा भयंकर आहे, हे मात्र लपवत नाही. शिवाय अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचे पूर्णवेळ अभ्यासक्रम असतात. हैदराबादच्या आयएसबीला (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) दोन वर्षांचा अनुभव चालतो, आयआयएमच्या अशा अभ्यासक्रमांना साधारण चार-पाच वर्षांचा लागतो. फी तिथे जबर आहे, पण पगार एकच वर्ष बुडतो आणि वर्गात बाविशीतली पोरं नसतात. अशा अभ्यासक्रमांना चालणाऱ्या जीमॅट या प्रवेश परीक्षेचे गुण पाच वर्षं टिकतात, म्हणजे एका रविवारच्या नशिबावर सगळं टांगलेलं राहत नाही.

आणि कंपनीला नुसता कागदच हवा असं निघालं, तर तो स्वस्तात मिळतो. दूरशिक्षणाचं इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. कॅम्पसच्या नोकऱ्या तिथे नाहीत. पण नोकरी तुझ्याकडे आहेच.

मी स्वतः विद्यापीठाचं एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी) संध्याकाळच्या वर्गांना जाऊन केलं. पीएमटी आणि पीसीएमटी या पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा वेगवेगळ्या होत्या त्या काळातली गोष्ट, चिंचवडहून डेक्कनला पोचेपर्यंत पहिला तास निम्मा झालेला असायचा. शिकले काय? कामगार कायदे नीट कळले, ताळेबंद वाचायची भीती गेली, आणि मागच्या बाकावर बसणारे आठ-दहा वेगवेगळ्या कारखान्यांतले लोक मिळाले. पुढे वीस वर्षं कुठल्याही कंपनीत फोन लावायला ते उपयोगी पडले. बढती मात्र मला पदवीने दिली नाही. एका ऐन दिवाळीत बोनसवरून कँटीनवर बहिष्कार पडला होता, तेव्हा सगळे साहेब केबिनमध्ये आणि मी कामगारांमध्ये बसून जेवले, त्यानंतर मिळाली. म्हणून सांगते, शिकण्यासारखं एमबीएत बरंच आहे, आणि त्यातलं पुष्कळसं आज फुकट शिकता येतं. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे हिशेब, वित्त, पुरवठा साखळी यांचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला नाममात्र फी. एक कर, आणि त्यातला ताळेबंदाचा धडा बाबांच्या वर्कशॉपच्या कागदांवर लावून बघ.

हे मी सहज म्हणत नाही. तू कंपनीच्या बाजूने पुरवठादार तपासतेस, आणि तुझ्या घरात एक पुरवठादार राहतो! लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. बाबांना विचार, त्यांना किती दिवसांनी मिळतात, तोवर पोलादाचे पैसे कुठून देतात, माल परत आला की त्या महिन्याचं काय होतं. टेबलाच्या दोन्ही बाजू इतक्या जवळून पाहिलेली माणसं मला फार थोडी भेटली. खरेदी विभागाच्या मुलाखतीत तू हे नुसतं सांगितलंस तरी समोरचा पेन खाली ठेवून ऐकेल.

बाबांवरून आठवलं. ‘कर्ज काढू’ म्हणाले खरे, पण तारण काय? साडेसात लाखांच्या वर कर्ज असेल आणि संस्था बँकेच्या निवडक यादीत नसेल, तर बँका सहसा तारण मागतात. ते घर असेल की वर्कशॉपचा गाळा? वर्कशॉपवर आधीच कॅश क्रेडिट (धंद्याच्या खेळत्या पैशांसाठीचं बँकेचं कर्ज) चालू असेल तर? वडील मुलीला असलं काही आपणहून सांगत नाहीत. तू विचार.

आता आईचा विषय. तुझ्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य मला तेच वाटलं: ‘शिकतेय म्हटलं की तो विषय तरी दोन वर्षं थांबेल’. यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याकडे मुलीने ‘मला इतक्यात लग्न नको’ म्हटलं की दहा प्रश्न येतात आणि ‘परीक्षा आहे’ म्हटलं की सगळे मान डोलावतात. किती मुलींनी या एका वाक्याच्या आधारावर एमफिल केलं असेल, देव जाणे. पण ही दोन वर्षांची उसंत तुला २५ लाखांना पडतेय, आणि त्यानंतर तोच विषय ‘आता तर शिक्षणही झालं’ या नव्या जोरावर येणार आहे. त्या वेळी अंगावर हप्ता असेल. तुला लग्न नकोय, की इतक्यात नको, की आई दाखवते तशी स्थळं नकोत? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि त्यातल्या एकाचंही नाव एमबीए नाही. आईशी थेट बोलणं जड जात असेल तर मावशी किंवा आत्या, जिचं आई ऐकते, तिला मध्ये घे. साहेबांबरोबरची अर्ध्या तासाची बैठक याच्यापुढे सोपी वाटेल, याची मला कल्पना आहे.

तुझ्यासारखी पत्रं मला इतरांचीही येतात, त्यांना दोनच ओळी. नुकतंच पदवी झालेल्यांनी आधी दोन वर्षं कुठेतरी काम करावं. वर्गातली अर्धी चर्चा त्याशिवाय डोक्यावरून जाते. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला कंटाळून एमबीए करू पाहणाऱ्यांनी आधी कंपनी बदलून बघावी. कंटाळा कामाचा आहे की वाकडच्या पुलावरच्या दीड तासाचा, हे तेवढ्यात कळतं.

तर दहा दिवसांत काय करशील? साहेबांशी बोलणं, दहा जाहिराती आणि एनआयआरएफची माहिती हे तर झालंच. शिवाय संस्थेतून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली चार मुलं लिंक्डइनवर स्वतः शोध. प्रवेश विभागाने दिलेले नंबर नकोत, ती मुलं निवडूनच दिलेली असतात. त्यांना पगार विचारू नकोस, कुणी खरा सांगत नाही. पहिली नोकरी कोणती होती आणि त्यात अजून आहेस का, एवढंच विचार. चौघांपैकी तिघांनी वर्षाच्या आत नोकरी सोडलेली असेल तर तेच उत्तर. आणि पुढच्या पगारापासून, शिकायचं ठरो न ठरो, दरमहा २३ हजार आवर्ती ठेवीत टाकायला लाग. हप्त्याची रंगीत तालीम. तीन महिन्यांत समजेल की सात वर्षं असं राहता येईल की नाही. आणि नाही शिकलीस, तरी वर्षाअखेर पावणेतीन लाख गाठीला असतील.

माझं मत विचारशील तर ही जागा सोड. एक वर्ष थांब, क्वालिटीतलीच एखादी पात्रता पदरात पाड, कंपनी बदलायची तयारी ठेव, आणि जाहिराती वाचून मनात एमबीएच पक्कं झालं तर नोव्हेंबरच्या कॅटला पुन्हा बस. पण तू त्या संस्थेत जाऊन आलीस, तिथल्या मुलांशी बोललीस आणि तुझं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं आलं, तर मला वाईट वाटणार नाही. मी तुझ्या पत्रावरून बोलतेय, तू तुझ्या आयुष्यावरून बोलशील.

दहा दिवस कमी पडले आणि भीतीपोटी जागा अडवून ठेवावीशी वाटली, तर एक नियम लक्षात ठेव. एआयसीटीईची मान्यता असलेल्या संस्थेतला प्रवेश अभ्यासक्रम सुरू होण्याआधी रद्द केला, तर प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकी सगळी फी परत द्यायची असते, आणि मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. ‘आमच्याकडे फी परत मिळत नाही’ असं काउंटरवर कुणी तोंडी म्हणालं, तर ते लिहून माग. पैसे बँकेतूनच भर, रोख नको, आणि दहावीपासूनच्या गुणपत्रिका फक्त दाखवून लगेच परत घे.

साहेब काय म्हणाले ते कळव.